नको तें काम नाकारणें म्हणजे आळस नव्हे

"आई जेवूं घालीना आणि बाप भीक मागूं देईना" ही म्हण आपल्या घरोघर ठाऊक आहे. बेकारभत्त्याची सरकारी रीत पुष्कळदां अशीच असते. सरकार म्हणतें, "काम मागा, देतों, न दिलें तर भत्ता देतों." माणूस काम मागावयास गेला कीं त्याच्यापुढें असें काम टाकलें जातें, जें त्याच्या हातून होणारें नाहीं. त्यानें तें नाकारलें कीं शेरा पडतो : 'काम दिलें, घेतलें नाहीं, भत्ता बंद.' सरकारचा कागद साफ होतो. चूल मात्र थंडच राहते.

गादीवर बसलेले शहाणे म्हणतात, "खरा भुकेला असता तर मिळेल तें काम केलें असतें." फुकट खाणाऱ्याचा कैवार आम्हीही घेत नाहीं. भत्त्याचा पैसा काडेपेटीपासून कापडापर्यंत कर भरणाऱ्या आपल्याच घरांतून जातो. अंगाला व हाताला झेपणारें, रास्त मजुरीचें काम जो नुसत्या आळसानें झिडकारील, त्याचा भत्ता खुशाल बंद करा. पण योग्य काम कोणतें आणि तें ठरवावयाचें कोणी, याचा निवाडा आधीं झाला पाहिजे.

विलायतेंत १९११ सालीं बेकारीच्या विम्याचा कायदा झाला. बांधकाम, जहाजबांधणी, यंत्रकाम अशा थोड्या धंद्यांतील कामगार आठवड्यास अडीच पेन्स भरीत, तितकेच मालक भरी, सरकार वर आपली भर घाली, आणि काम सुटल्यावर आठवड्यास सात शिलिंग मिळत. त्या कायद्यानें स्पष्ट लिहून ठेवलें होतें कीं, संपामुळें रिकामी झालेली जागा नाकारली तर भत्ता जाणार नाहीं. आणि आपल्या भागांत नेहमीच्या मजुरीपेक्षां कमी मजुरीचें काम नाकारलें तरीही जाणार नाहीं. यांतील शहाणपण साधें आहे. भुकेल्याला पडेल त्या भावानें कामास जुंपलें, तर कामावर असलेल्या त्याच्या भावाचीही मजुरी खालीं येते.

पण तेथेंही पुढें उलटें वारें वाहिलें. १९२४ पासून प्रत्येकानें आपण मनापासून काम शोधीत आहों असें सिद्ध करावें, अशी अट सर्वांवर लादली गेली. काम कोठेंच नाहीं हें ठाऊक असतांही माणसें या दारावरून त्या दारावर पायपीट करीत राहिलीं. १९३० सालीं ती अट काढावी लागली.

आपल्या मुलखांतही हा झगडा जुनाच आहे. १८७७ च्या दुष्काळांत व्हाइसरॉयांनीं रिचर्ड टेंपल यांस पाठविलें. गांवाजवळचीं लहान कामें बंद करून माणसांनीं लांबच्या मोठ्या कामांवर जावें, आणि मजुरी एक रत्तल धान्याची किंमत व वर किरकोळ पैसे, असा हिशेब ठरला. दख्खनच्या हजारों कुणब्यांनीं त्या अटी नाकारल्या व ते कामावरून उठून गेले. ते आळशी होते काय? ज्यांचा जन्म नांगरामागें गेला, त्यांस आळशी कोण म्हणेल? पुढें १८९६-९७ च्या दुष्काळांत सोलापुरास विणकरांना त्यांच्याच धंद्यांत काम देऊन जगविण्याचा प्रयत्न झाला. खडी फोडून बोटें राठ झालीं, तर नाजूक सूत पुन्हां हातीं धरवत नाहीं, हें तेव्हांही समजत होतें.

स्वराज्यांत १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें रोजगार हमी मोठ्या प्रमाणावर चालविली, १९७७ सालीं तिचा कायदा केला, आणि २००५ सालीं साऱ्या देशासाठीं तसा कायदा झाला. हें मोठें काम झालें, यांत शंका नाहीं. २००५ च्या कायद्यांत पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास पहिले तीस दिवस मजुरीचा किमान चौथा हिस्सा व पुढें किमान अर्धा हिस्सा भत्ता ठरला होता. पांच किलोमीटरपलीकडे काम दिल्यास दहा टक्के जादा मजुरी होती. पण दिलेलें काम न घेतल्यास तीन महिने भत्त्यावर हक्क राहत नसे. भत्त्याचा बोजा राज्यावर असल्यामुळें तो देण्यापेक्षां टाळण्याकडेच कारभाऱ्यांचा कल राहिला. डिसेंबर २०२५ मध्यें संसदेनें त्याच्या जागीं नवा कायदा मंजूर करून शंभर दिवसांची हमी सव्वाशेंची केली. दिवस वाढले तें बरेंच झालें. पण योग्य कामाचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं.

माग बंद पडलेला पन्नाशीचा कोष्टी घ्या. त्याला मातीकामावर धाडलें. मजुरी खोदलेल्या मातीच्या मापावर. दिवसभर राबूनही त्याचें माप अर्धें भरतें, तेव्हां मजुरीही अर्धी. गेला तर अर्धपोटीं, न गेला तर भत्ता बंद! बाळंतिणीची व दम्याच्या माणसाची गोष्ट याहून वेगळी नाहीं.

येथें एक इशारा दिलाच पाहिजे. 'योग्य काम' म्हणजे 'जातीचें काम' असा अर्थ कोणी लावूं लागला, तर तो आम्हांस मुळींच मान्य नाहीं. चांभाराच्या शिकलेल्या मुलापुढें चामडेंच टाकावें आणि भंगी म्हणून जन्मलेल्याच्या हातीं झाडूच द्यावा, ही योग्यता नव्हे. ती जुनीच बेडी आहे. माणसाची योग्यता त्याच्या शिकलेल्या कसबावर, अंगबळावर व घरच्या अडचणींवर मोजावी, जन्मावर नव्हे. असलें काम नाकारणाऱ्याचा भत्ता तर एक दिवसही थांबतां कामा नये.

आमचें मागणें थोडें आहे. नाकारण्याचीं रास्त कारणें कायद्यांतच लिहावीं. भत्ता बंद करणाऱ्यानें कारण लेखी द्यावें. आणि त्यावर दाद ऐकणारा, काम देणाऱ्या अधिकाऱ्याहून निराळा असावा; कारण चोराच्या हातीं जामदारखान्याच्या किल्ल्या देऊन न्याय होत नसतो.

बंधुभगिनींनो, आपणही एक शिस्त पाळा. काम मागाल तें लेखी मागा आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय उठूं नका. काम नाकारावें लागलें, तर तोंडीं नाकारून घरीं येऊं नका. कारण लिहून द्या, त्याचीही पोच घ्या, आणि तें ग्रामसभेंत वाचून दाखवा. लिहितां येत नसेल तर शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून लिहवून घ्या. कचेरीच्या दप्तरांत तुमच्याविषयीं 'आळशी' असा शेरा पडण्यापूर्वीं तुमचें कारण त्या दप्तरांत गेलें पाहिजे.