गप्प माणसाशेजारची जागा

होस्टेलवर कधी कशाचं खूळ येईल याचा नेम नाही. सिनियर लोक सांगतात, एके काळी काउंटर स्ट्राइक होतं. मग कोरियन मालिका आल्या आणि आता चिनी मालिकांचा नंबर लागलाय. त्यातही तलवारी, राजवाडे वगैरे काही नाही, एकदम संथ! मोठ्या शहरात एकटी राहणारी एखादी मुलगी, शेजारी एक तुसडे आजोबा, दोघांचं बोलणं दिवसाला जेमतेम चार वाक्यं. दहा भाग झाले तरी "घडलं काय?" या प्रश्नाला उत्तर नाही. पण रात्री दोन वाजता अख्खी विंग एका लॅपटॉपभोवती जमलेली असते आणि उद्याच्या सबमिशनची कुणाला आठवणही नसते.

या मालिकांबद्दल माझी तक्रार नाही, मीही बघतो. माझा प्रश्न वेगळाच आहे. पडद्यावरचा एकटा माणूस आपल्याला लगेच ओळखू येतो (पार्श्वसंगीत असतं ना!). मग मेसमध्ये रोज भिंतीकडे तोंड करून जेवणारा का ओळखू येत नाही? त्याच्याबद्दल आपलं मत ठरलेलं असतं. "जाऊ दे रे, तो तसलाच आहे." किंवा "लई ॲटिट्यूड आहे त्याला." झालं, विषय संपला.

मित्रहो, एकटेपणाची आणि अनपेक्षित मैत्रीची गोष्ट बघायला चीनपर्यंत जायलाच हवं असं नाही. ती आमच्याकडे घडलेली आहे, खरीखुरी. मी डहाणूचा. डहाणू म्हटलं की इथले लोक चिकूबद्दल विचारतात, नाहीतर लोकलबद्दल. (हो, २०१३ पासून विरारची लोकल आमच्यापर्यंत येते!) आणि मग हमखास येतात वारली चित्रं. ती सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेली असतात: साडीवर, कपावर, हॉटेलच्या भिंतीवर. ज्या माणसामुळे ती पाड्याबाहेर गेली त्याचं नाव मात्र फार कमी जणांना ठाऊक असतं.

जिव्या सोमा म्हसे. जन्म १९३४ च्या सुमाराचा, तलासरी तालुक्यातल्या धामणगावचा. सात वर्षांचे असताना त्यांची आई गेली आणि त्या धक्क्याने त्यांनी बोलणंच सोडलं. पुढे बरीच वर्षं ते कुणाशी बोलत नसत. काही सांगायचंच असलं तर खाली बसून धुळीत चित्र काढून सांगायचे. अकराव्या वर्षी ते डहाणू तालुक्यातल्या गंजाडजवळच्या कलंबीपाड्याला आले आणि तिथलेच झाले. आजच्या भाषेत सांगायचं तर 'कम्युनिकेशन स्किल्स: निल'. कॅम्पसच्या जी.डी.मध्ये पहिल्याच फेरीत बाद!

हे गप्प बसणं एकट्या जिव्याचं नव्हतं, हेही लक्षात घेतलं पाहिजे. त्या काळात या भागातल्या वारल्यांकडून जमीनदार, सावकार वेठबिगारी करून घेत. लग्नासाठी कर्ज काढलं की नवरा-बायको दोघंही त्याच्या पायी गडी म्हणून राबायचे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. शेठसमोर मान वर करायची सोय नव्हती, तोंड उघडणं तर दूरच. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले आणि त्यांनी वेठ करणार नाही असं ठरवलं. त्यांच्यात राहून हे काम करणाऱ्या गोदावरी परुळेकर मूळच्या पुण्याच्या, कायदा शिकलेल्या, चांगल्या घरातल्या. त्या पाड्यांवर पायी फिरल्या, तिथल्याच झोपड्यांत राहिल्या, तिथलं खाल्लं. त्यानंतर माणसं बोलायला लागली. 'जेव्हा माणूस जागा होतो' या त्यांच्या पुस्तकात हे सगळं आहे. आपल्या लायब्ररीत नसेल तर ते मागवावं अशी ग्रंथपालांना विनंती!

तर मूळ मुद्दा जिव्यांचा. वारल्यांमध्ये चित्र हे लग्नाचं काम. घरातली भिंत गेरूने सारवायची आणि तांदळाच्या पिठात पाणी कालवून, बांबूच्या काडीने त्यावर चौक लिहायचा. (वारली चित्र 'काढत' नाहीत, 'लिहितात'.) मध्ये पालघट देवी. आणि हा चौक लिहायचा तो सवाशिणींनी. तो बायकांचा मान, पुरुषांचं ते काम नव्हे. पण जिव्या लग्न असो वा नसो, चित्रं काढत राहिले. म्हणजे आधी न बोलणारा, त्यात हे 'बायकी' काम करणारा! गावात अशा माणसाला काय काय ऐकावं लागलं असेल ते होस्टेलमध्ये राहणाऱ्यांना समजावून सांगायची गरज नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला या भागात भास्कर कुलकर्णी नावाचे एक गृहस्थ आले. स्वतः चित्रकार, मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले आणि हस्तकलेच्या सरकारी खात्यासाठी काम करणारे. त्याआधी १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात याच माणसाने मधुबनीच्या बायकांच्या हातात कागद दिला होता, कारण भिंतीवरचं चित्र विकता येत नाही, कागदावरचं येतं. तोच कागद घेऊन ते वारल्यांकडे आले. बायका लाजल्या, मागे सरल्या. पुढे आले ते जिव्या.

मला या गोष्टीत सगळ्यात महत्त्वाची वाटते ती ही जागा. एक शहरातला, शिकलेला, नावाने ब्राह्मण माणूस. दुसरा पाड्यावरचा, शाळेचं तोंड न पाहिलेला, लहानपणी मुका झालेला. मैत्री जमण्यासारखं दोघांत काही नाही. कुलकर्णींनी त्यांना भाषण दिलं नाही आणि "तू बोलत का नाहीस?" असंही विचारत बसले नाहीत. समोर कागद ठेवला, रंग ठेवला आणि जे उमटलं ते नीट पाहिलं. चित्रकाराने चित्रकाराचं काम पाहावं तसं पाहिलं. कीव केली नाही. जिव्यांना त्यांची गरज होती तेवढीच कुलकर्णींनाही जिव्यांची होती.

पुढचं सगळं मग भराभर झालं. १९७५ साली मुंबईत केमोल्ड गॅलरीत प्रदर्शन, १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार, २०११ साली पद्मश्री. २००३ साली जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात रिचर्ड लाँग या ब्रिटिश कलावंताबरोबर त्यांचं जोड-प्रदर्शन भरलं. लाँग म्हणजे चालणं हीच कला मानणारा माणूस. माळावर एकाच रेषेत पुन्हापुन्हा चालून गवतात उमटलेली रेघ हे त्याचं गाजलेलं काम. दगडांची वर्तुळं मांडणारा. तो आमच्या भागात येऊन काम करून गेला. एकाची भाषा इंग्रजी, दुसऱ्याची वारली. पण एकाचं दगडांचं वर्तुळ आणि दुसऱ्याच्या तारपा नाचाचं गोल गोल फिरणारं वेटोळं शेजारी शेजारी ठेवलं की बोलायला उरतं काय? जिव्या सोमा म्हसे १५ मे २०१८ रोजी गेले. त्यांची मुलंही चित्रं काढतात.

आता कुणी म्हणेल, ही सगळी थोर माणसं, यात आपला काय संबंध? संबंध आहे. एकटेपणावर आपल्याकडे एकच औषध सांगितलं जातं: बोला! पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटचं वर्कशॉप, आइस-ब्रेकिंग, इन्ट्रो. फ्रेशर्सना स्टेजवर उभं करून "बोल, काहीही बोल" म्हणायचं, आणि तो अडखळला की सगळ्यांनी हसायचं. याने कुणाचं एकटेपण गेलेलं मी तरी पाहिलं नाही. माझं मत असं आहे की गप्प माणसाला बोलतं करायच्या मागे लागू नये. त्याच्या हाताला काय येतं ते बघावं आणि तिथे त्याच्या शेजारी जागा पकडून बसावं. बोलणं आपोआप मागून येतं.

याचं उदाहरण मी फर्स्ट इयरलाच पाहिलं. आमच्या बॅचमध्ये पाड्यावरून आलेला एक मुलगा होता. लेक्चरला शेवटचा बाक, मेसला शेवटचा नंबर. व्हायवाला तर घाम फुटायचा. इंग्रजी तर नाहीच, पण आपली ही 'शुद्ध' मराठीसुद्धा त्याला परकीच होती. कार्पेंट्री शॉपमध्ये आम्हाला टी-लॅप जॉइंटचा जॉब होता. आमचे जॉइंट म्हणजे दात पडलेल्या माणसाचं हसू! त्याचा जॉइंट असा बसला की दोन तुकड्यांमध्ये कागद सरकेना. वर्कशॉपचे इन्स्ट्रक्टर सर फार बोलणारे नव्हेत. त्यांनी जॉब उलटसुलट करून पाहिला, जोडावरून अंगठा फिरवला आणि दुसरा तुकडा त्याच्या पुढ्यात टाकला. "आता डव्हटेल करून बघ." बस्स, एवढंच. त्यानंतर प्रॅक्टिकल संपलं तरी दोघं तिथेच. एक रंधा मारतोय, दुसरा पटाशीला धार लावतोय, बोलणं काही नाही. सेमिस्टर संपेपर्यंत अर्धी बॅच आपापले जॉब घेऊन त्याच्या टेबलाशी उभी! आणि हा गडी आम्हालाच दम देतोय, "रेषेच्या आत काप ना!" आता तो विंगमध्ये इतका बोलतो की कधी कधी गप्प बस म्हणावं लागतं.

त्याची पर्सनॅलिटी कुणी 'डेव्हलप' केली नाही. ती होतीच. ती कुणीतरी पाहिली, एवढाच फरक.

इथे दोन गोष्टी स्पष्ट करतो, नाहीतर गैरसमज व्हायचा. एक, एकटं राहणं आणि एकटं पडणं यात फरक आहे. ज्याला खरंच शांत बसायला आवडतं त्याच्या रूममध्ये घुसून "चल, मैत्री करू" म्हणायचं नाही. दोन, एखादा जेवायचं सोडतो, लेक्चरला यायचं बंद करतो, दिवसभर पांघरूण घेऊन पडून राहतो, तेव्हा नुसतं शेजारी बसून भागत नाही. लगेच रेक्टरांना, घरच्यांना सांगायचं, डॉक्टरकडे न्यायचं. ती चहाडी नव्हे. आणि प्रत्येक गप्प मुलामध्ये एक पद्मश्री दडलेला असतो असंही मला म्हणायचं नाही. नसला म्हणून काय झालं? पंगतीत बसायला पुरस्कार लागतो का?

शेवटी एक खटकणारी गोष्ट, रागवू नका. गॅदरिंगच्या बॅकड्रॉपवर आपण हमखास वारली काढतो. स्वस्त पडतं, छान दिसतं. दोन त्रिकोण, चार काड्या, झाला माणूस. त्याच स्टेजपासून पन्नास पावलांवर, मेसमध्ये, त्याच पाड्यांवरून आलेला मुलगा एकटा जेवत असतो. चित्रातले वारली हातात हात घालून नाचतात ते आपल्याला आवडतं, पण खऱ्या वारल्याच्या टेबलावरची समोरची खुर्ची रिकामीच. (आणि त्याला पकडून "तू वारली ना? मग काढ की चित्र" असंही करू नका. तो कदाचित तुमच्यापेक्षा चांगला सी++ लिहीत असेल. आधी विचारा तरी!)

मेसचे काका, वॉचमन मामा, लॅब असिस्टंट सर, हे मी तुम्हालाही सांगतोय. फर्स्ट इयरची पोरं तुमच्याकडेच आधी येतात, कारण तुम्ही मार्क देत नाही. कुठला मुलगा पोळ्या लाटायला मदत करायला रेंगाळतो, कुठला रात्री गेटवर उगाचच उभा राहतो, हे आमच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत असतं. त्याच्या हातात काहीतरी द्या. लाटणं द्या, स्क्रू-ड्रायव्हर द्या, कॅरमची सोंगटी द्या. आणि आपण विद्यार्थ्यांनी आजच्या जेवणाला ताट घेऊन नेहमीच्या टोळक्याकडे न जाता एकदा भिंतीकडच्या टेबलावर जाऊन बसायचं. काही बोललं नाही तरी चालेल. आमटी वाढा म्हणालात तरी पुष्कळ झालं.