मागचा दिवा लागतो, अक्षरं दिसत नाहीत
विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टमध्ये 16 बाय 2चा एलसीडी आला की ही तक्रार ठरलेलीच. मग प्रोग्राम पुन्हा पुन्हा तपासला जातो, लायब्ररी बदलली जाते आणि शेवटी एलसीडीच खराब ठरवून कचऱ्यात टाकला जातो. मला याचं फार वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा तो धडधाकट असतो. त्याची तिसरी पिन पाहा. अक्षरांचा गडदपणा तिथल्या व्होल्टेजवर ठरतो. 5 व्होल्टवर चालणाऱ्या नेहमीच्या एलसीडीत ही पिन साधारण अर्धा ते एक व्होल्टवर ठेवावी लागते. 10 किलोओहमच्या प्रीसेटची दोन टोकं 5 व्होल्ट आणि ग्राउंडला, मधलं टोक या पिनला जोडायचं आणि प्रीसेट बारीक स्क्रूड्रायव्हरने हळूहळू फिरवायचा. कोऱ्या पडद्यावर आधी फिकट अक्षरं उमटतात, मग ती ठळक होतात. हाच एलसीडी ईएसपी32 बोर्डच्या 3.3 व्होल्टवर जोडला, तर प्रीसेट टोकाला नेऊनही बहुधा काहीच दिसत नाही, कारण आतल्या द्रवस्फटिकांना पुरेसं व्होल्टेजच मिळत नाही. नोकिया 5110च्या छोट्या पडद्याचं नेमकं उलटं: तो 3.3 व्होल्टचा, त्याला आर्डुइनो उनोचे 5 व्होल्ट थेट देणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. शिवाय पुरवठा बरोबर असला तरी डेटाच्या तारांवर वेगळं व्होल्टेज असू शकतं. तिथे व्होल्टेज जुळवणारा लेव्हल शिफ्टर हवाच. तेव्हा मुलांनो, वायर जोडण्याआधी डेटाशीट उघडा, मल्टिमीटर लावा आणि मगच पॉवर द्या.