बेडकाचा जन्मदाखला

मी कॉन्व्हेंटवाला, मराठीतल्या चुका मेसच्या आमटीसारख्या पोटात घाला.

पन्हाळ्याच्या वाटेवरचा काळा दगड ज्या दख्खनच्या लाव्हाचा, त्याच्याच दोन थरांमधल्या खडकात मुंबईला वरळीत बेडकाचे जीवाश्म मिळाले. रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्याला ‘राना’ या घराण्यात घातलं. १९३० मध्ये नोबलने तिथून काढून ‘इंडोबॅट्रॅकस’ केलं.

नुसता घोळ नावाचा नाही. डीएनएवरून वंशवृक्ष काढतात, पण फांदी कधी फुटली ते ठरवायला असाच दगडातला पुरावा लागतो. ओवेनची फांदी धरली असती तर सगळं ‘राना’ घराणं निदान सहा कोटी वर्षांचं मानावं लागलं असतं!

शिवाय जीवाश्म फक्त किमान वय सांगतो. पाच तारखेच्या फोटोत मी मेसमध्ये दिसलो, म्हणजे पाचला किंवा त्याआधी आलो. पाचलाच आलो असं आमचे रेक्टरसुद्धा म्हणणार नाहीत. तरी काहीजण तीच जन्मतारीख धरून मोकळे होतात. हे मला पटत नाही. वरची मर्यादाही द्या, पण सैल, आणि ती का दिली ते लिहा. टॉलरन्स नसलेली ड्रॉइंग शीट सर परत करतातच ना?