मर्यादवेल

माणूस पेन्शनीत निघाला की त्याला दोनच गोष्टी सुचतात, असा माझा अनुभव आहे. एक तर तो आत्मचरित्र लिहायला घेतो, नाहीतर घर बांधायला काढतो. आमच्या दादाला लिहिण्याचा पहिल्यापासून कंटाळा. तेव्हा त्याने दुसरा मार्ग पत्करला. गेल्या दिवाळीत आम्ही सारे दापोली तालुक्यातल्या आमच्या गावी आत्याकडे जमलो होतो. पहिल्या दिवशीचा फराळ उरकला आणि दादाने चकलीचा डबा बाजूला सारून सतरंजीवर नकाशाची गुंडाळी उलगडली.

"वाडीच्या टोकाला, केवड्याच्या अलीकडे, दोन खोल्या आणि पुढे गच्ची. सकाळी डोळे उघडले की समोर समुद्र!"

आमच्या गावाची बसकण वाचकांपैकी ज्यांनी कोकणातली किनाऱ्यावरची गावे पाहिली आहेत त्यांना सांगायला नको. मधून रस्ता, दोन्ही अंगांना घरे. आमचे घर समुद्राच्या अंगाचे. पण त्याचे तोंड रस्त्याकडे आणि पाठ समुद्राकडे. मागच्या पडवीतून उतरले की विहीर, मग नारळी-पोफळींची लांबच लांब वाडी, टोकाला बेडे, त्यापलीकडे केवड्याचे बन, मग पुळण आणि मग समुद्र. दादाचे म्हणणे असे की, आपल्या पूर्वजांना सगळे कळत होते, एक व्ह्यू तेवढा कळत नव्हता.

नकाशा सर्वांना आवडला. वहिनींनी गच्चीवर झोपाळा टांगला. आमच्या सौभाग्यवतींनी एक खोली पर्यटकांना देऊन महिन्याचा हिशेबही मांडला. मी माझ्या ठेवीतले दोन लाख मोडायचे कबूल केले. फक्त आत्या काही बोलली नाही. ती वाती वळीत बसली होती.

"कागदपत्रांचं तू बघ," दादा मला म्हणाला. "जन्मभर कचेरीत फायलीच सांभाळल्यास!"

तेव्हा दिवाळी सरल्यावर मी सातबारा आणि मोजणीचा नकाशा पिशवीत घालून तालुक्याला गेलो. तेथे एका तरुण कारकुनाने आमचा गट क्रमांक ऐकला, किनाऱ्याचा नकाशा टेबलावर पसरला आणि एका रेषेवर बोट ठेवले. "काका, ही भरतीची रेषा. हिच्यापासून तुमची जागा किती लांब?"

मी म्हटले, "अगदी जवळ!" आणि अभिमानाने म्हटले. पोरगा हसला. मला वाटले, कौतुकाने हसला.

मग त्याने जे सांगितले आणि पुढे मी स्वतः वाचून काढले, ते थोडक्यात सांगतो. समुद्राकाठी तुकडा घेण्याचे स्वप्न आपल्यापैकी पुष्कळांच्या उशाशी असते. नोव्हेंबर १९८१ मध्ये पंतप्रधान इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून कळवले होते की, भरतीच्या पाण्यापासून निदान ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते आले १९ फेब्रुवारी १९९१ च्या अधिसूचनेने. तीच ही सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्र. २०११ मध्ये ती नव्याने निघाली आणि जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा एकदा.

सगळे मोजमाप भरतीच्या रेषेपासून. आणि ही भरती म्हणजे रोजची नव्हे, तर अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी चढते ती. आमच्यासारख्या विरळ वस्तीच्या गावी त्या रेषेपासून २०० मीटरपर्यंत नवे घर बांधता येत नाही. नारळ लावा, बाग करा, शेती करा, परवान्याने बांधलेले जुने घर असेल तर आहे त्या जोत्यावर दुरुस्त करा, नवे नको. त्यापुढे ५०० मीटरपर्यंत, कोळीवाड्यांत आणि गावठाणांत, पूर्वापार वहिवाटीप्रमाणे राहते घर बांधता येते. पण तळमजला आणि वर एकच मजला, उंची ९ मीटरच्या आत. २०१९ च्या अधिसूचनेने दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक माणसे असलेल्या गावांना २०० ऐवजी ५० मीटरची मुभा ठेवली आहे. आमचे गाव त्यात बसणारे नव्हे. पावसाळ्यात सारे गाव फिरले तर शंभर छत्र्याही दिसायच्या नाहीत.

गावी परतल्यावर मी टेप घेऊन वाडी मोजली. दादाची गच्ची रेषेपासून ७० मीटरांवर येत होती. आणि गंमत पाहा, २०० मीटरची रेषा जात होती ती विहीर आणि मागची पडवी यांच्या मधून! ज्या पूर्वजांना व्ह्यू कळत नव्हता, त्यांनी कोणतीही अधिसूचना न वाचता घर रेषेच्या पलीकडे बांधले होते.

दादा ही मोजणी ऐकून खवळला. "आपली बापजाद्यांची जमीन! दिल्लीत बसून हे कोण सांगणार? आणि बड्या हॉटेलांना कशी परवानगी मिळते रे?"

त्याचा राग अगदीच वावगा होता असे मी म्हणणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या किनाऱ्यावर राहणाऱ्या कोळ्याला होडीजवळ एक खोली वाढवताना जेवढे कागद लागतात, तेवढ्यात पैसेवाल्याचे सल्लागार वाट काढून मोकळे होतात, हे गाऱ्हाणे किनाऱ्यावर सगळीकडे ऐकू येते. पण पैसेवाल्याचीही वाट नेहमी निघत नाही. केरळात कोचीजवळ मराडू येथे बॅकवॉटरच्या काठी उंच इमारती उभ्या राहिल्या. त्यांना ग्रामपंचायतीचे परवाने होते. किनारा व्यवस्थापन प्राधिकरणाची संमती नव्हती. भरतीचे पाणी खेळते त्या खाड्यांनाही हा नियम लागतो, हे घरे घेणाऱ्यांना कोणी सांगितलेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये इमारती पाडण्याचा हुकूम दिला आणि ११ व १२ जानेवारी २०२० या दोन दिवसांत सुरुंग लावून चार संकुले जमीनदोस्त झाली. न्यायालयाने प्रत्येक घरामागे तूर्त २५ लाखांची भरपाई देवविली. पण ज्यांनी तेथे संसार मांडले होते ती माणसे तुमच्या-माझ्यासारखीच, कर्ज काढून घर घेणारी होती.

हे मी दादाला सांगितले. तो दोन दिवस गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी एका मध्यस्थाला घेऊन आला. मध्यस्थाने सुपारी कातरता कातरता तोड काढली. "बेड्याजवळ तुमचा गोठा होता ना? तो राहतं घर होता म्हणून दाखवू. जुन्या घराची दुरुस्ती, म्हणजे नियमातच बसतं. काकांनी एक प्रतिज्ञापत्र तेवढं करायचं."

खोटे कशाला सांगू? मी सही करण्याच्या बेतात होतो. एका कागदाने कोणाचे काय बिघडणार होते! दादाचे वय झालेले, त्याची हौस मोठी, आणि माझे दोन लाखही मनात घोळत होते. चष्मा पुसून मी पेन उघडले, एवढ्यात आत्या माजघराच्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"त्या गोठ्यात म्हैस राहायची," ती म्हणाली. "म्हैस म्हणून सही करणार असलास तर कर."

मध्यस्थाला ठसका लागला. आत्याने मला नुसते "चल" म्हटले आणि काठी टेकीत वाडीत चालू लागली. मागून दादाही आला.

बेड्याजवळ एक खालची विहीर आहे. लहानपणी आम्ही तिचे पाणी प्यायलो होतो. आत्याने कळशीभर पाणी काढायला लावले आणि म्हणाली, "चाखून बघ." खारट! जमिनीत मुरलेल्या पावसाचे गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून असते. उपसा वाढला किंवा समुद्र पुढे सरला, की खारे पाणी विहिरीत शिरते.

"तुझ्या आजोबांच्या वेळी केवड्याच्याही पलीकडे नारळांच्या तीन ओळी होत्या," आत्या म्हणाली. "आता कुठायत?"

आता तेथे पुळण होती. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले आणि आमचा तालुकाही झोडपून गेले, तेव्हा आत्या घरात एकटी होती. घराची कौले उडाली, पण भिंती उभ्या राहिल्या. गोठा मात्र जोत्यासकट गेला. पोफळी काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झाल्या. "त्या वेळी तिथं पर्यटक उतरलेले असते तर?" एवढेच तिने विचारले. दादाने उत्तर दिले नाही.

पुळणीच्या कडेला एक वेल पसरली होती. आपट्यासारखी दुभंगलेली पाने, जांभळी कर्ण्याच्या आकाराची फुले. तिचे नाव मर्यादवेल. पेऱ्यापेऱ्याला मूळ धरून ती वाळू बांधून ठेवते, आणि तिच्या अलीकडे समुद्र सहसा येत नाही, असे जुनी माणसे मानतात. पावसाळ्यात लाटा पुळणीची वाळू ओढून नेतात आणि हिवाळ्यात परत आणून टाकतात. ही देवघेव चालायला मोकळी जागा लागते. त्या जागेत भिंत घातली, तर लाट भिंतीवर आपटून पायथ्याचीच वाळू खणून नेते, आणि शेजाऱ्याचाही किनारा खचवते. कारकुनाने रेषेवर बोट ठेवले तेव्हा मला तो सरकारी अडथळा वाटला होता. येथे उभे राहिल्यावर वाटले, आत्याच्या पिढीला जे सांगावे लागत नव्हते, तेच आपल्याला अधिसूचना काढून सांगावे लागते.

प्रतिज्ञापत्र फाडले. मध्यस्थ चहा न घेता गेला. दादा महिनाभर माझ्याशी फोनवर बोलला नाही, आणि बोलला तेव्हाही फक्त हवामानाविषयी. माझे दोन लाख मात्र वाचले नाहीत. ते आत्याच्या घराची कौले आणि वासे यांत गेले. बोलून-चालून घर रेषेच्या पलीकडचे. उद्या एखादी खोली वाढवायची झाली तरी रीतसर अर्ज करता येईल.

वाचकांनी एवढेच करावे. कोणी समुद्रकाठचा प्लॉट स्वस्तात दाखवला, तर आधी त्याचा गट क्रमांक किनारा व्यवस्थापनाच्या मंजूर नकाशावर पाहावा. नुसत्या ग्रामपंचायतीच्या कागदावर विसंबू नये. आणि "जुनं घर होतं असं दाखवू" म्हणणारा भेटला, तर तेथे कोण राहत होते ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारावे.

यंदाची दिवाळीही आम्ही गावीच करणार आहोत. दादा आठ दिवस आधीच जाऊन बसला आहे. काल त्याचा फोन आला. म्हणाला, बेड्याबाहेर वेताची खुर्ची टाकून बसलोय, झकास दिसतं. मी विचारले, "परवाना काढलास का?"

"खुर्चीला परवाना लागत नाही," दादा म्हणाला. "आणि पाणी वर आलं, तर उचलून मागं घेता येते."