वाचलेली मिनिटे कोणाची?

संगणकाला विरोध करणारा तो प्रगतीचा शत्रू, हा युक्तिवाद जुनाच आहे. 1960च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनाही तोच ऐकावा लागला. या प्रश्नाचे मूळ मात्र लंडनच्या लायन्स या चहा-बेकरीवाल्या कंपनीत आहे. तिच्या ‘लिओ’ने 1951 मध्ये बेकरीच्या मालाचे हिशेब करून संगणक व्यापारात आणला. घरच्या जुन्या रेडिओत चार-पाच व्हॉल्व्ह असत. लिओत सुमारे सहा हजार होते. 1954 मध्ये तो पगारपत्रके करू लागला. एका कामगाराच्या पगाराचा हिशेब करायला अनुभवी कारकुनाला आठ मिनिटे लागत. लिओला दीड सेकंद!

मित्रहो, ही आठ मिनिटे गेली कोणाच्या खात्यात? व्यवस्थापनशास्त्राची पाठ्यपुस्तके (काटकसरीचे धडे देताना एरवी ती थकत नाहीत) येथे मौन पाळतात. उलट, यंत्राला सरसकट विरोध म्हणजेच गांधीविचार, असे मानणारे हिंगणीसारख्या गावात अजून भेटतात. गांधीजींनी 1924 मध्येच सिंगरच्या शिवणयंत्राचा अपवाद केला होता. त्यांचा आक्षेप मूठभरांच्या हाती संपत्ती साठवणाऱ्या यंत्रवेडाला होता. यंत्र जरूर यावे. पण ते बसवण्यापूर्वी वाचणाऱ्या तासांची वाटणी संघटनेशी लेखी ठरली पाहिजे. कपात नाही, कामाचे तास कमी आणि वेतन तेवढेच, एवढे ज्या करारात नाही, त्यावर कार्यकर्त्यांनी सही करू नये.