एक ‘गोड’ चूक

चार वर्षांचे इंग्रजीभाषी मूल आजीच्या घरून परतते आणि उत्साहाने सांगते, ‘आय गोड टु ग्रॅनीज हाउस.’ ‘गो’ या क्रियापदाला भूतकाळाचा ‘एड’ जोडून त्याने हे रूप स्वतःच घडवलेले असते. नवल असे की, काही महिन्यांपूर्वी हेच मूल ‘वेंट’ असे अचूक म्हणत होते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतही असे प्रसंग घडतात आणि आई-वडील धास्तावतात. आलेली भाषा बिघडली की काय?

बिघडलेली नाही, उलट ती एक पायरी वर चढली आहे. आधीचे ‘वेंट’ हा ऐकून पाठ झालेला एक सुटा शब्द होता. पुढे ‘वॉक्ट’, ‘प्लेड’, ‘वॉन्टेड’ अशी रूपे कानांवरून जाता जाता मुलाच्या मनाने त्यांतील समान धागा हेरला आणि तो ‘गो’लाही लावून पाहिला. घरात असे कोणीच बोलत नाही. म्हणजे हे अनुकरण नव्हे. ही मनात आकार घेत असलेल्या व्याकरणाची खूण आहे.

अमेरिकन संशोधिका जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हे सुंदर रीतीने दिसले. साधारण चार ते सात वर्षांच्या मुलांना त्यांनी पक्ष्यासारख्या एका काल्पनिक प्राण्याचे चित्र दाखवले. ‘हा वग. आता इथे आणखी एक आला. आता इथे दोन...’ असे म्हणून वाक्य अर्धे सोडले. ‘वग’ हा शब्द इंग्रजीत नाहीच. तो कोणी ऐकलेला असणे शक्य नव्हते. तरीही बहुतेक मुलांनी ‘वग्झ’ असे उत्तर दिले.

या उत्तरातील ‘झ’कडे लक्ष द्यावे. इंग्रजी अनेकवचनाचा प्रत्यय लिहिताना बहुधा केवळ ‘एस’ असतो. उच्चारात मात्र त्याची तीन रूपे होतात: ‘कॅट्स’मध्ये ‘स’, ‘डॉग्झ’मध्ये ‘झ’ आणि ‘हॉर्सिझ’मध्ये ‘इझ’. कंठावर दोन बोटे ठेवून ‘स्स्’ असा लांब उच्चार करा. कंप जाणवणार नाही. मग भुंग्याच्या गुंजारवासारखा ‘झ्झ्’ करा. बोटांखाली थरथर जाणवेल. आपल्या व्याकरणात यांनाच अघोष आणि घोष म्हणतात. अघोष ‘ट’नंतर ‘स’, घोष ‘ग’नंतर ‘झ’, ही निवड अक्षरओळखही नसलेले मूल करते. त्याच प्रयोगात ‘ग्लास’चे अनेकवचन सांगणाऱ्या अनेक मुलांना ‘टास’ या बनावट शब्दाचे अनेकवचन मात्र साधले नाही. म्हणजे नियम एका दिवसात पुरा होत नाही. तो टप्प्याटप्प्याने पक्का होतो.

आपणही हेच करतो. ‘फाईल’ हा शब्द इंग्रजीतून आला, पण तिच्या ‘फायली’ आपण मराठीच्या नियमाने केल्या. तो नियम आपल्याला कोणत्या गुरुजींनी शिकवला होता?

हे ज्ञान मनात नेमके कसे साठवले जाते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. स्टीव्हन पिंकर यांच्या मते अनियमित रूपे स्मरणात साठतात आणि नियमित रूपे नियमाने घडतात. उलट रुमेलहार्ट व मॅक्लेलंड यांनी १९८६ साली असे मांडले की, स्वतंत्र नियम न मानताही, ऐकलेल्या रूपांतील साम्यांच्या जाळ्यातून हे सारे साधू शकते.

पालकांसाठी महत्त्वाचा भेद मात्र निराळा आहे. प्रत्यय नको तेथे लावणे ही वाढीची खूण. तो सतत गाळणे ही लक्ष देण्याची बाब. इंग्रजी मातृभाषा असलेली मुले साधारण पाचव्या वर्षापर्यंत ‘ही वॉक्स’, ‘शी प्लेड’ यांतील प्रत्यय बहुधा सातत्याने वापरू लागतात. त्यानंतरही ‘ही वॉक’ असेच चालू राहिले, तर भाषाविकासातील अडचणीची शक्यता तपासावी. अशी अडचण सुमारे ७ टक्के मुलांत आढळते आणि तिचा बुद्धीच्या कमतरतेशी संबंध असेलच असे नाही. प्रथम श्रवणचाचणी करावी. कारण शब्दाच्या शेवटचे ‘स’, ‘ट’ हे ध्वनी क्षीण असतात आणि थोडे कमी ऐकू येत असले तरी निसटतात. नंतर वाचा व भाषा उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.

घरात मराठी बोलणाऱ्या मुलाला मात्र ही फूटपट्टी जशीच्या तशी लावू नये. इंग्रजी त्याच्या कानी कमी पडली असेल, तर प्रत्यय उशिरा येणे स्वाभाविक आहे. खरी अडचण दोन्ही भाषांत दिसते. म्हणून त्याची मराठीही तपासली जावी. दोन भाषांमुळे हा विकार जडत नाही. तेव्हा भयापोटी घरातील मराठी बंद करू नये.

आणि मूल ‘गोड’ म्हणाले तर? रागावू नये, दहा वेळा घोकूनही घेऊ नये. ‘ओ, यू वेंट टु ग्रॅनीज हाउस! मग आजीने काय खाऊ दिला?’ एवढेच म्हणावे. योग्य रूप कानी पडते आणि गप्पाही खुंटत नाहीत. पुढचे काम ते कोवळे मन आपल्या गतीने करील.