मराठी शाळेत शिकण्याचा दंड

आषाढात जगद्गुरू तुकोबारायांची पालखी बारामती सोडते, सणसरचा मुक्काम आणि बेलवाडीचे गोल रिंगण आटोपून अंथुर्णे येथे विसावते. त्या रात्री गावातील शाळा, ओसऱ्या, शेतांचे बांध वारकऱ्यांनी भरून जातात. कोणाच्या पायाला फोड आलेले असतात, कोणाला ताप भरलेला असतो, कोणाचा रक्तदाब वाढलेला असतो. बाहेरून आलेली वैद्यकीय पथके कंदिलाच्या काळापासून चालत आलेली ही सेवा आज विजेच्या प्रकाशात करतात. औषधांची पेटी सांभाळायला आणि वारकऱ्यांच्या रांगा लावायला गावातील शाळकरी मुले-मुली आपण होऊन पुढे येतात. त्यांच्यापैकी एखादी त्या डॉक्टरांकडे टक लावून पाहत असते, आणि घरी जाऊन आईला सांगते, ‘मलाही डॉक्टर व्हायचंय.’

जून महिना हा ‘नीट’च्या निकालाचाही महिना. वारीच्या सुमारास राज्यातील लाखो घरांत गुणांची बेरीज-वजाबाकी सुरू असते. अंथुर्ण्याच्या त्या मुलीचे पुढे काय होते, या प्रश्नाकडे मात्र समाजाने आणि शासनाने डोळे उघडून पाहिलेले नाही.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘नीट’ नको, असे येथे म्हणावयाचे नाही. सर्व देशासाठी एकच परीक्षा असावी हे तत्त्व योग्यच आहे. त्यापूर्वीचा काळ ज्यांना आठवतो त्यांना अभिमत विद्यापीठांच्या वेगवेगळ्या परीक्षा, त्यासाठी गावोगाव फिरणारे पालक आणि बंद दाराआड ठरणाऱ्या देणग्या आठवतील. ही परीक्षा सहजासहजी आलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २०१३ रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने ती रद्द ठरविली, त्यात न्या. अनिल दवे यांचे मत वेगळे होते. आणि ११ एप्रिल २०१६ रोजी घटनापीठाने तो निर्णयच मागे घेतला. खासगी शिक्षणसम्राटांना वेसण घालणारे पाऊल म्हणून त्याचे स्वागत झाले, ते उचितच होते.

परंतु एकच शर्यत ठेवली म्हणजे सर्व धावपटू एकाच रेषेवरून सुटतात असे नाही. महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांना याचा पहिला चटका २०१६ सालीच बसला. राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा बारावीच्या, राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमावर होत असे, चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसत. अकरावी हे आपल्याकडे जवळजवळ विश्रांतीचे वर्ष मानले जाई. आणि परीक्षेला महिना उरलेला असताना मुलांना कळले, की आता अकरावी-बारावीचा केंद्रीय अभ्यासक्रम आणि चुकीला एक गुण वजा! पालक रस्त्यावर आले, राज्य शासनाने दिल्लीत धाव घेतली, मे महिन्यात अध्यादेश निघाला आणि त्या वर्षापुरती राज्याच्या जागांना सूट मिळाली. एक वर्षाची उसंत मिळाली खरी. त्या उसंतीचा उपयोग कोणी केला? शिकवणीवर्गांनी केला. शासनाने केला असे म्हणायला धीर होत नाही.

अंथुर्ण्यातील, किंवा शेजारच्या शेळगाव-लासुर्ण्यातील, एखाद्या घराची कल्पना करावी. नीरा डाव्या कालव्याच्या पाळीवर पिकणारा दोन-तीन एकर ऊस, उसाचे बिल केव्हा जमा होईल याकडे लागलेले डोळे, दारात दोन म्हशी. मुलगी गावच्या मराठी शाळेत शिकलेली, दहावीला नव्वद टक्क्यांच्या वर. पेशीत ‘तंतुकणिका’ असते, मूलद्रव्याला ‘संयुजा’ असते, वस्तूला ‘त्वरण’ मिळते, हे तिला नुसते पाठ नाही, समजलेले आहे. अकरावीच्या वर्गात ती पाऊल ठेवते आणि तंतुकणिकेचे ‘मायटोकॉन्ड्रिया’ होते, संयुजेची ‘व्हॅलन्सी’ होते, त्वरणाचे ‘अॅक्सिलरेशन’ होते. शब्द बदलले तर बिघडले कोठे, असे पुण्या-मुंबईचा पालक म्हणेल. शब्द एका आठवड्यात बदलता येतात. वाक्य बदलत नाही. विचार करण्याची, शंका विचारण्याची, चूक कळण्याची भाषाच एका उन्हाळ्याच्या सुटीत बदलावी अशी अपेक्षा सोळा वर्षांच्या मुलीकडून केली जाते. वर्गात ती शंका विचारीत नाही, कारण शंका इंग्रजीत विचारावी लागेल अशी तिला भीती वाटते. दोन महिन्यांत ‘हुशार’ मुलगी ‘साधारण’ ठरते. तिची बुद्धी जिथल्या तिथेच असते.

मग शासनाने ‘नीट’ची प्रश्नपत्रिका मराठीतही दिली आहे ना? २०१७ पासून दिली आहे, आणि त्याचा गवगवाही भरपूर झाला. प्रत्यक्षात काय घडले? २०२२ साली देशभरातून १८ लाख ७२ हजारांवर विद्यार्थ्यांनी नोंदणी केली. गुजराती प्रश्नपत्रिका निवडणारे पन्नास हजारांच्या जवळपास होते. मराठी निवडणारे अडीच हजारांच्याही आत! ज्या राज्यातून दरवर्षी दोन लाखांहून अधिक मुले या परीक्षेला बसतात, त्या राज्याची ही कथा. गुजराती माणसाचे मातृभाषेवर आपल्यापेक्षा वीसपट प्रेम आहे असा याचा अर्थ नव्हे. तेथे अकरावी-बारावीचे विज्ञान गुजरातीतून शिकता येते. आपल्याकडे विज्ञान शाखेचे अध्यापन वर्षानुवर्षे इंग्रजीतूनच होत आले. दोन वर्षे इंग्रजीतून शिकवायचे आणि तीन तासांसाठी मराठी प्रश्नपत्रिका हातात ठेवायची, याला सोय म्हणत नाहीत. ही परीक्षा ज्या ‘एनसीईआरटी’च्या पुस्तकांवर बेतलेली आहे ती हिंदीत मिळतात, उर्दूत मिळतात. मराठीत नाहीत. आणि अनुवादात संदिग्धता आढळलीच, तर इंग्रजी पाठ अंतिम मानला जाईल, असा नियम परीक्षा घेणाऱ्यांनी स्वतःच करून ठेवलेला आहे. म्हणजे मराठीत लिहिलेला प्रश्न मराठीत वाचून बरोबर सोडविणारी मुलगी चूक ठरू शकते.

या पोकळीत बाजार शिरला यात नवल नाही. लातूर, कोटा आणि आता प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी चौकाचौकांत फलक लागले आहेत. विद्यार्थ्याचे नाव महाविद्यालयाच्या पटावर आणि विद्यार्थी मात्र दिवसभर शिकवणीत, असा प्रकार राजरोस चालतो. जानेवारी २०२४ मध्ये केंद्र शासनाने मार्गदर्शक सूचना काढल्या, सोळा वर्षांखालील मुलांना घेऊ नका, यशाची हमी देऊ नका, असे बजावले. सूचना कागदावर आणि आठवीपासूनचे ‘फाउंडेशन’ वर्ग फलकांवर. कोटा शहरात २०२३ या एका वर्षात वीसहून अधिक मुलांनी जीवनयात्रा संपविली. जुलै २०२५ मध्ये विशाखापट्टणमच्या एका ‘नीट’ विद्यार्थिनीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी देशभर लागू होणारे निर्देश द्यावे लागले. उसाचे बिल, दुधाचे पैसे, प्रसंगी आईचे दागिने या मार्गाने जे गावातून बाहेर जाते ते केवळ शुल्क नसते. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा परीक्षा देणारे मूल गावात परत येते तेव्हा ते घराबाहेर पडायला लाजते. नापास झाल्याची ही लाज, आणि ज्यांनी त्याला चुकीच्या रेषेवर उभे केले त्यांना कसलीच लाज नाही.

लातूरचे नाव घेतले म्हणून एक आठवण अपरिहार्य आहे. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी डॉक्टर शहरातील सुस्थिर भविष्य बाजूस सारून लातूरला गेले आणि विवेकानंद रुग्णालय उभे राहिले. डॉ. हेडगेवारांनी १९१० साली कलकत्त्याच्या नॅशनल मेडिकल कॉलेजात प्रवेश घेतला, वैद्यकाची पदवी मिळविली आणि व्यवसाय न करता आयुष्य राष्ट्रकार्याला दिले. छत्रपती संभाजीनगरात १९८९ साली तरुण डॉक्टरांनी त्यांच्याच नावाने रुग्णालय सुरू केले. डॉक्टर होणे म्हणजे काय याची आपल्या परिवारातील व्याख्या ही अशी आहे. त्याच लातूरचे नाव जून २०२४ मध्ये देशभर गाजले ते ‘नीट’मधील गैरव्यवहाराच्या संशयावरून जिल्हा परिषद शाळांच्या शिक्षकांवर गुन्हा नोंदविला गेला तेव्हा. खटल्याचा निर्णय न्यायालय देईल. परंतु त्याच वर्षी ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाले, १,५६३ जणांना दिलेले वाढीव गुण काढून घ्यावे लागले, पाटणा आणि हजारीबागला प्रश्नपत्रिका फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले, आणि तरीही संपूर्ण परीक्षा रद्द करण्याइतका पुरावा नाही असे २३ जुलैला सांगितले. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य आहे. पण कालव्याच्या काठावर रात्री अभ्यास करणाऱ्या मुलीला त्या दिवशी काय वाटले असेल, याचा विचार परीक्षा यंत्रणेच्या वातानुकूलित कार्यालयात झाला असेल का? आपलेच सरकार दिल्लीत आहे म्हणून हा प्रश्न विचारावयाचा नाही, असे कोणी म्हणत असेल तर ते संघटनेचे नव्हे, सत्तेचे संस्कार आहेत.

द्रमुक आणि त्याचे डावे पाठिराखे या साऱ्याचे खापर ‘नीट’वर, म्हणजे पर्यायाने ‘एक देश’ या कल्पनेवर फोडतात. उत्तरेने दक्षिणेवर लादलेले हे संकट आहे, असा त्यांचा सूर. हा फुटीर सूर त्यांचा त्यांना लखलाभ. तथापि, त्या राज्यातील आकडे झटकून टाकता येणार नाहीत. न्या. ए. के. राजन समितीने २०२१ साली दाखविले, की तमिळ माध्यमातून येऊन वैद्यकीय प्रवेश मिळविणाऱ्यांचे प्रमाण १४ टक्क्यांहून अधिक होते ते ‘नीट’नंतर ४ टक्क्यांच्या आत आले. निष्कर्ष चुकीचा काढला म्हणून मोजणी चुकीची ठरत नाही. आणि उपायही तेथेच सापडला. परीक्षा रद्द न करता २०२० साली अण्णाद्रमुक सरकारने शासकीय शाळांतून शिकलेल्यांसाठी साडेसात टक्के जागा राखल्या. त्या मुलांनाही ‘नीट’ उत्तीर्ण व्हावीच लागते, स्पर्धा मात्र समान परिस्थितीतील मुलांशी होते. मद्रास उच्च न्यायालयाने हा कायदा वैध ठरविला. २०२३ साली मध्य प्रदेशातील भाजप सरकारने याच धर्तीवर पाच टक्के जागा दिल्या. मग महाराष्ट्राला कोणी अडविले आहे? येथे जातीचा प्रश्नच उद्भवत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठा, धनगर, माळी, मातंग, ब्राह्मण अशी सगळी मुले एकाच बाकावर बसतात. हिंदू समाजाच्या एकरसतेचे याहून चांगले चित्र कोणते?

वैद्यक मराठीतून शिकविता येईल का, यावर हसणाऱ्यांची एक जमात आहे. त्यांना इतिहास ठाऊक नसतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात मराठीतून वैद्यक शिकविणारा वर्ग चालत असे. निजामाने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापिले आणि तेथे वैद्यकही उर्दूतून शिकविले. तेलुगू, मराठी, कन्नड बोलणाऱ्या प्रजेवर दरबाराची भाषा लादली हा अन्यायच होता. पण आधुनिक वैद्यक इंग्रजीवाचून शिकविता येते, हे त्या अन्यायातूनही सिद्ध झाले. निजामाला जे उर्दूसाठी जमले ते स्वराज्यात मराठीसाठी जमू नये? ऑक्टोबर २०२२ मध्ये भोपाळला हिंदीतील वैद्यकीय पुस्तके प्रकाशित झाली. नुसती पुस्तके छापून काम होत नाही, शिकविणारे शिक्षकही तयार करावे लागतात, हा धडा त्या प्रयोगातून घ्यावा. महाराष्ट्राला तर एकदम त्या टोकाला जायचेही कारण नाही. अकरावी-बारावीची भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राची पुस्तके मराठी-इंग्रजी समोरासमोर छापावीत, शिक्षकाने दोन्ही शब्द वापरावेत, एवढे केले तरी सुरुवात होईल. राष्ट्रीय शिक्षण धोरणाने २०२० साली मातृभाषेचा जो पुरस्कार केला आहे तो सोळाव्या वर्षी संपावा असे कोठे लिहिलेले नाही.

आता थोडे आपल्या घरात. मराठी वाचवा म्हणून स्वाक्षऱ्या गोळा करणाऱ्या कित्येकांची मुले इंग्रजी शाळेत आहेत, हे वाचकांनी मनावर घ्यावे किंवा रागावावे, पण नाकारू नये. मराठी शाळा उरली ती ज्यांना पर्याय नाही त्यांच्यासाठी. आणि ज्यांना पर्याय नाही त्यांच्या शाळेची काळजी कोणताही पुढारी करीत नाही. ज्या गावी शाखा आहे तेथे एक अभ्यासिका, आठवड्यातून एक दिवस येणारा एक वैद्यकीय विद्यार्थी आणि मराठी-इंग्रजी संज्ञांची एक वही, एवढे उभे करायला शासनाच्या अनुदानाची वाट पाहावी लागत नाही. वारीत औषधे वाटणाऱ्या डॉक्टरांनी परतीच्या वाटेवर याच गावांत महिन्याचा एक रविवार दिला तर?

अंथुर्ण्यापासून तासाभराच्या आत, बारामतीला, पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१९ पासून चालू आहे. पहिली तुकडी शंभर जागांची होती. मुलीच्या शिक्षणासाठी इतके जवळचे आणि परवडणारे दार या पंचक्रोशीत यापूर्वी कधी उघडले नव्हते. राज्याच्या प्रवेश अर्जात जात विचारतात, उत्पन्न विचारतात, अधिवास विचारतात. दहावी कोणत्या माध्यमातून आणि कोणत्या शाळेतून झाली, हा आणखी एक रकाना त्यात घालावा, आणि प्रवेश पूर्ण झाल्यावर त्याची बेरीज महाविद्यालयाच्या फलकावर लावावी. विधिमंडळाच्या येत्या अधिवेशनात एवढी एक मागणी करण्यासाठी इंदापूर आणि बारामतीच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या आमदारांचे दार ठोठवावे.